ऑफिसात बारीक नजर, घरात काहीच दिसत नाही: माझं लक्षच कमी आहे का?

पत्र:

ताई, मी ३८ वर्षांचा, ठाण्यात राहतो, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. ऑफिसात बटण दोन पिक्सल सरकलेलं असलं तरी मला लगेच दिसतं. घरी मात्र उलटं. सिलेंडर संपलाय, पोराचा पुढचा दात पडलाय, हॉलचे पडदे बदललेत, मला पत्ताच नसतो. बायको म्हणते तू घरात राहतोस की लॉजवर. इतके दिवस हे हसण्यावारी जायचं, पण गेल्या महिन्यात बहीण सांगलीहून आली आणि पाच मिनिटांत म्हणाली, आई भिंत धरून का चालतेय? बायकोला माहीत होतं, तिने मला दोनदा सांगितलंही होतं म्हणे आणि मी 'हो बघू' म्हणालो होतो. मला आठवत पण नाही. मी रोज आईच्या समोर बसून चहा पितो हो. तेव्हापासून नीट झोप नाही. बायकोचं म्हणणं मी मुद्दाम दुर्लक्ष करतो. मला वाटतं माझ्या लक्षातच काहीतरी बिघाड आहे, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा तो विकार, वगैरे. ध्यानाचं ॲपपण घेतलंय. काय करू?
– लॉजवरचा माणूस

उत्तर:

अरे, माझ्याहून बराच लहान आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करतेय, चालवून घे. तुझ्या लक्षाचं नंतर बघू, आधी आईचं. भिंत, सोफ्याची पाठ, टेबलाची कड असं धरत धरत चालणं हे 'वय झालं की चालायचंच' म्हणून सोडून द्यायचं नसतं. गुडघे असतील, नजर असेल, उठल्यावर एकदम बीपी उतरून चक्कर येत असेल, एखाद्या गोळीमुळे होत असेल, बी-१२ कमी असेल, मधुमेह असला तर पायाच्या नसांचं काही असेल, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. डॉक्टर एक साधी टेस्ट घेतात, खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं आणि हे सगळं घड्याळ लावून. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. या आठवड्यातच घेऊन जा, जाताना तिच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून ने, तिथे जाऊन 'ती एक गुलाबी गोळी असते बघा' असं सांगू नको. त्याआधी आईला एकटीला गाठून विचार की मधे कुठे पडलीस का, कारण बऱ्याच आया हे सांगतच नाहीत, पोराला टेन्शन नको म्हणून, नाहीतर मग देवळात एकटीने जायला बंदी येईल म्हणून. आणि बायकोला विचार की हे कधीपासून सुरू झालं. डॉक्टर पहिलं तेच विचारणार, आणि तुमच्या घरात त्याचं उत्तर तिच्याकडेच आहे.

आता तुझं.

एडीएचडी मोठ्या माणसांतही असतं आणि आपल्याकडे पुष्कळांचं वर्षानुवर्षं ओळखलंच जात नाही, त्यामुळे तू विचारलंस ते बरं केलंस. पण निदान करताना डॉक्टर इतर लक्षणांबरोबर हेही बघतात की त्रास १२ वर्षांच्या वयाआधीपासून होता का आणि एकाहून जास्त ठिकाणी होतो का, म्हणजे घरीपण आणि कामावरपण. तू तर लिहितोस की ऑफिसात दोन पिक्सल दिसतात. मी डॉक्टर नाही, शंका राहिली तर सायकियाट्रिस्टला भेट, रील बघून स्वतःचं निदान करू नको. पण पत्रावरून मला तरी तुझं लक्ष ठणठणीत वाटतंय. घरात त्याला कुणी कामालाच लावलेलं नाही.

म्हणजे काय ते सांगते. सोव्हिएत रशियात आल्फ्रेड यार्बस नावाचे एक शास्त्रज्ञ होते, माणसाची नजर चित्रावर कुठे कुठे फिरते याची ते नोंद घ्यायचे. त्यांनी १९ व्या शतकातलं एक चित्र घेतलं, इल्या रेपिन यांचं, त्यात बरीच वर्षं हद्दपारीत असलेला एक माणूस कुणाला न कळवता घरात येऊन उभा राहिलाय आणि घरातले चमकून बघतायत. यार्बसनी एकाच माणसाला हे एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं, फक्त प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा. घरची परिस्थिती कशी वाटते? माणसांची वयं सांग. कपडे लक्षात ठेव. हा माणूस किती काळ बाहेर असेल? आणि दर वेळी नजरेचा रस्ता पार बदलला. वयं विचारली तेव्हा डोळे चेहऱ्यांवर, परिस्थिती विचारली तेव्हा खोलीतल्या सामानावर, किती काळ गेला असेल विचारलं तेव्हा आलेल्या माणसाच्या आणि घरच्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने. चित्र तेच, डोळे तेच. १९६७ साली त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं, आणि लक्षावर काम करणारे लोक आजही ते काढून बघतात.

आपल्याला वाटतं आपण डोळे उघडले की समोर जे आहे ते आत येतं. तसं होत नाही, आपण सतत काहीतरी विचारत असतो आणि डोळे त्याचं उत्तर शोधत फिरतात, बाकीचं समोर असून नसल्यासारखं. तो गोरिलावाला प्रयोग तुला माहीतच असेल, १९९९ चा, बास्केटबॉलचे पास मोजायला सांगतात आणि मधून गोरिलाच्या वेषातलं माणूस चालत येतं, छाती बडवतं, निघून जातं, आणि जवळपास निम्म्या लोकांना ते दिसतच नाही. हा आता इतका फिरलाय की सगळे 'मला दिसला असता' म्हणतात. मला त्याच्या पुढचा जास्त भारी वाटतो. २०१३ साली अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, छातीचे सीटी स्कॅन दिले, फुप्फुसातल्या बारीक गाठी शोधा म्हणाले. शेवटच्या स्कॅनमध्ये कोपऱ्यात काडेपेटीएवढा गोरिला चिकटवलेला, ते शोधत होते त्या गाठींच्या सरासरी ४८ पट मोठा. २४ पैकी २० जणांना दिसला नाही. आणि डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राने दाखवलं की न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट त्या गोरिलावर पडलेली होती! ही आयुष्यभर बारीक बघायचाच पगार घेणारी माणसं बरं का, तुझ्यासारखीच. गाठ शोधायला सांगितली होती, गोरिला कुणी विचारला नव्हता.

तर तू सकाळी आईसमोर चहा प्यायला बसतोस तेव्हा तुझ्या डोक्यात काय चालू असतं? नऊची मीटिंग, लोकल, डब्बा झाला का. आईबद्दल प्रश्न एकच, आई आहे ना? आहे. संपलं. तिच्या पायांबद्दल तुला कुणी काही विचारलं नव्हतं, तूही स्वतःला विचारलं नव्हतंस.

बहिणीचं म्हणशील तर तिचं फार मनाला लावून घेऊ नको. तुझ्याच धंद्यातलं सांगते, तिच्याकडे जुनं व्हर्जन होतं. मागच्या खेपेला बघितलेली आई तिच्या डोक्यात पक्की होती, तिने आत्ताची आई त्याच्याशेजारी ठेवून बघितली आणि फरक अंगावर आला. तुझ्यासमोर मात्र रोज सकाळी कालच्याहून जराशी वेगळी आई येत होती. हळूहळू होणारा बदल माणसाला फार वाईट कळतो, भाच्याला 'किती उंच झालास रे' हे मामाच म्हणतो, रोज त्याला ताट वाढणारी आई नाही. तेवढी सूट तुला देते.

पण पुढची देणार नाही. कारण हळूहळू होणारा बदल तुझ्या बायकोलाही रोजच दिसत होता की! तीही त्याच घरात, त्याच सासूबरोबर. तिला दिसलं.

आता तू म्हणशील बायकांना असतंच तसलं, उपजत. साफ खोटं आहे हे, आणि अतिशय सोयीचं खोटं आहे. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की आपल्याकडे तिला काय सांगतात ते आठव. दुधाकडे लक्ष ठेव. कुकरच्या शिट्ट्या मोज. पाहुणे आलेत, पाणी दे, आजोबांचं ताट रिकामं झालंय, बघ जरा. बाळ रडतंय का बघ. त्याच घरातला तिचा भाऊ त्याच वेळी काय करत असतो? त्याला म्हणतात अभ्यासाकडे लक्ष दे. झालं, दोघांच्या हातात वेगवेगळे प्रश्न दिले आणि वीस वर्षांनी म्हणायचं की बायकांना उपजतच दिसतं. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला विचार बरं, म्हैस लंगडतेय हे त्याला लांबून कळतं, कारण लहानपणापासून ते त्याच्या गळ्यात घातलेलं असतं.

बरं, सगळा दोष फोनवर टाकायचीपण फॅशन आहे हल्ली. फोन वाईटच आहे, वाद नाही, पण सकाळच्या पेपराआड बसलेल्या आपल्या वडिलांना तरी दूध उतू जाताना कुठे दिसायचं, आणि तेव्हा घरात लँडलाइन पण नव्हती.

म्हणून बायको 'मुद्दाम करतोस' म्हणते ते शब्दशः खरं नसलं तरी तिच्या चिडण्यात दम आहे. तू मुद्दाम काहीच केलं नाहीस, फक्त घरातले सगळे प्रश्न विचारायचं काम तिच्यावर ठेवलंस. सिलेंडर किती दिवस झाले, मुलाचे बूट चावतायत का, आईची गोळी कधी संपतेय, सोसायटीचा मेंटेनन्स भरला का, हे सगळं तिच्या डोक्यात चोवीस तास चालू. तू बहुतेक म्हणत असशील 'तू सांग ना, मी करतो.' चांगल्या मनाने म्हणतोस, माहितीये, पण बघ, यात काम तुझ्याकडे येतं आणि लक्ष ठेवणं तिच्याकडेच राहतं, आणि दमवतं ते लक्ष ठेवणंच, सिलेंडर बुक करायला काय, मोबाईलवर एक मिनिट लागतं. बरं, तिने आईचं दोनदा सांगितलं. दोनदा सांगून तू हललास नाहीस तेव्हा तिला काय वाटलं असेल? मला तरी वाटतं ती बघत होती की स्वतःची आई तरी याला कधी दिसते.

यावर 'यापुढे मी जास्त लक्ष देईन' असं वचन देऊ नको, काही उपयोग नाही. नुसतं लक्ष देणं असं काही नसतंच, कशाकडे ते ठरावं लागतं आणि ते रोजच्या रोज विचारलं जावं लागतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये गुगु यिमिधिर नावाची भाषा आहे, कांगारू हा शब्द जगाला तिथूनच मिळाला. ती भाषा जुन्या पद्धतीने बोलणारे लोक आपल्यासारखं डावं-उजवं म्हणत नाहीत, सगळं पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिणमध्ये. 'जरा उत्तरेला सरक', 'तुझ्या पश्चिमेच्या पायाजवळ मुंगी आहे' अशा थाटाचं. म्हणजे त्यांना खोलीत, अंधारात, अनोळखी गावात, कुठेही दिशा माहीत असावीच लागते, नाहीतर साधं वाक्य बोलता येणार नाही. आणि त्यांना ती माहीत असते! कुणी त्यांना 'दिशांकडे लक्ष दे बाळा' असा क्लास लावलेला नसतो, भाषाच दिवसभर विचारत राहते. लांब कशाला, तुमच्या सांगलीकडच्या गावात म्हातारी माणसं अजून उगवतीचा बांध, मावळतीकडचं रान असंच बोलतात ना? आणि तू ठाण्यात पत्ता सांगताना म्हणणार मॉलच्या पुढून लेफ्ट मार. तुझ्या फ्लॅटची खिडकी कुठल्या दिशेला आहे सांग बरं पटकन. वास्तुवाल्याने सांगितलेलं चालणार नाही.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. लांब पल्ल्याच्या गाडीच्या इंजिनात दोघं असतात, लोको पायलट आणि असिस्टंट, आणि सिग्नल आला की दोघांनी तो मोठ्याने पुकारायचा असतो, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने परत म्हणायचं, हाताने दाखवायचंपण. दोघांना दिसतोय तर ओरडायचं कशाला? कारण हजारदा बघितलेली गोष्ट हजार एकाव्या वेळी नजरेतून निसटते हे रेल्वेला पक्कं माहीत आहे. जपानमध्ये तर प्लॅटफॉर्मवरचे कर्मचारी हातमोजे घालून बोट दाखवत स्वतःशीच बोलताना दिसतात, बाहेरच्या माणसाला गंमत वाटते. माणूस जबाबदार आहे की नाही यावर त्यांनी काही सोडलेलं नाही, बघायला भाग पाडणारी पद्धतच लावून टाकली.

तुझ्यासाठी पद्धत काय, तर घरातली तीन खाती पूर्ण तुझ्याकडे घे. मदत म्हणून घेऊ नको, मालकी घे. एक, आई. तिची औषधं, तपासण्या, चष्मा, चपला, बाथरूममधलं धरायचं हँडल, रात्री उठते तेव्हा दिवा लागतो का, सगळं. दुसरं, गॅस, दूध, पाणी, लाइट बिल असलं काहीतरी जे संपलं की सगळ्यांना कळतं. तिसरं बायकोला निवडू दे, तिला ज्याचा सगळ्यात जास्त वैताग आहे ते. मालकी म्हणजे आठवण ठेवायची तू, ठरवायचं तू, करायचं तू, आणि तिने आठवण करून द्यायची नाही. हे शेवटचं तिलाही जड जाईल, तिलाही सांग की चुकलं तरी तोंड उघडू नको. आई मात्र याला अपवाद, तिच्या बाबतीत कुणाला काही दिसलं तर लगेच बोलायचं.

यातून काय होतं ते बघ. डॉक्टरांनी तुला सांगितलं की पाय घासतात का बघा, वळताना अडखळतात का बघा, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो का बघा, की मग तुला आईचंच नाही, ठाणे स्टेशनच्या जिन्यावर चढणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं चालणं दिसायला लागेल, तुला नको असलं तरी. पक्ष्यांचं तसंच असतं. तांबट नावाचा चिमणीहून थोडा मोठा हिरवा पक्षी आहे, वडा-पिंपळावर बसून उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिवसभर टुक टुक टुक करतो, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखं. ठाण्यात भरपूर आहेत. एकदा कुणी सांगितलं की हा तांबट, की घोडबंदर रोडच्या हॉर्नमधूनपण ऐकू येतो, त्याआधी तो तिथेच होता आणि तुझ्या जगात नव्हता.

रोजच्यासाठी एवढंच कर की घरात शिरताना कॉल कानाला लावून शिरू नको. हे फार लोक करतात, शरीर आत येतं आणि माणूस अर्धा तास बाहेरच. कॉल खाली पार्किंगमध्ये संपव. आत आल्यावर पहिली दहा मिनिटं फोन चपलांच्या स्टँडवर ठेव आणि स्वतःला एकच विचार, सकाळपेक्षा इथे काय बदललंय? तू टेस्टर आहेस, तुला स्क्रिप्ट घेऊन केलेलं टेस्टिंग आणि मोकळं फिरून केलेलं टेस्टिंग यातला फरक मी काय सांगू, स्क्रिप्टमध्ये जे लिहिलंय तेवढंच सापडतं. पहिले काही दिवस काहीच सापडणार नाही, मग फालतू काहीतरी सापडेल, कॅलेंडरचं पान उलटलेलं वगैरे. सापडलं की बोलून दाखव, पण शाबासकी मागितल्यासारखं नको, 'बघ मला पडदे दिसले' असं म्हणालास तर मार खाशील.

ध्यानाचं ॲप ठेव हवं तर. श्वासाकडे लक्ष दिल्याने मन शांत होतं, झोपेलाही बरं, तुला सध्या झोपेची गरज आहेच. पण श्वासाकडे बघून बघून सिलेंडर दिसायला लागत नाही. उलट मला भीती ही की रोज वीस मिनिटं दार लावून बसशील, लक्ष सुधारायचं म्हणून, आणि त्या वीस मिनिटांत बाहेर पोराचा होमवर्क, कुकर आणि आईची गोळी पुन्हा बायकोच सांभाळणार.

बायकोशी बोलताना एडीएचडी, मेंदू, गोरिला यातलं काही काढू नको. हे सगळं मी तुला सांगितलं ते तू स्वतःला बिघडलेला समजू नयेस म्हणून, तिच्यासमोर वकिली करायला नाही. तिला एवढंच सांग की तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही, आणि आईची अपॉइंटमेंट अमुक वारी अमुक वाजता घेतलीये, सुट्टी मी टाकलीये. घेतल्यावर सांग, घेणार आहे म्हणून नको. खात्यांचं बोलणं त्यानंतर दोन-चार दिवसांनी काढ. ती कदाचित विश्वास ठेवणार नाही, हसेल, 'बघू किती दिवस' म्हणेल, तिला म्हणू दे. एखादा सिलेंडर नक्की ऐन रात्री साडेआठला संपेल आणि दुसरा भरलेला नसेल. तेव्हा कोपऱ्यावरून पोळीभाजी आण, सगळ्यांना गरम गरम वाढ आणि जेवायच्या आधी बुकिंग करून टाक.